मामा, मी आऊट तर झालो नाही ना?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आहे आमच्या भाच्याचा फोन.

भाचा तेरा वर्षांचा आहे. लेदरच्या चेंडूवर खेळतो, सलामीला जातो. त्याच्या संघाचा २० षटकांचा सामना होता. समोरच्यांनी १४७ केल्या. आमचे चिरंजीव पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत खेळपट्टीवर होते. ३८ चेंडू, २४ धावा, नाबाद. संघ ३ बाद १२१. म्हणजे २६ धावांनी हार, आणि सात गडी शिल्लक! पुढच्या सामन्याला त्याला बसवलं. (मोठी आत्या हे वाचणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगतो, पोरगा रडलाबिडला नाही.) रात्री मला फोन करून एवढंच म्हणाला, "मामा, मी आऊट तर झालो नाही ना? मग मला का काढलं?"

मी काहीतरी थातुरमातुर बोलून फोन ठेवला, पण झोप काही लागली नाही. कारण सरळ आहे. त्याला बॅट धरायला मी शिकवलंय. गावी आमच्या खळ्यात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, प्लास्टिकच्या बॉलने. बॅट सरळ, डोकं स्थिर, चेंडू जमिनीवर, आणि काहीही झालं तरी विकेट फेकायची नाही. माझ्या पिढीतल्या प्रत्येक मराठी पोराला हेच शिकवलं गेलंय. त्याने माझं तंतोतंत ऐकलं, आणि त्यापायी त्याची जागा गेली.

तेव्हा त्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं. आणि उत्तर शोधता शोधता लक्षात आलं की ज्या प्रश्नावर हा पोरगा अडलाय, त्याच प्रश्नावर आपला देशाचा संघ कितीतरी वर्षं अडला होता.

सुरुवात थेट १९७५ पासून करतो. ७ जून १९७५, लॉर्ड्स. पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. तेव्हा विश्वचषकातला सामना ६० षटकांचा असायचा आणि एकदिवसीय हाच आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला सगळ्यात छोटा प्रकार होता. इंग्लंडने ४ बाद ३३४ केल्या. उत्तरात आपण ६० षटकं खेळून काढली आणि केल्या ३ बाद १३२. सुनील गावसकर १७४ चेंडूंत नाबाद ३६. हरलो २०२ धावांनी. भाच्याच्या संघाचे ३ बाद १२१ ऐकल्यावर मला सगळ्यात आधी हाच सामना आठवला. तिथेही सात गडी शिल्लकच होते.

आता गावसकरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. आपण तोवर जेमतेम दोन एकदिवसीय सामने खेळलो होतो. आणि गावसकर ज्या मुंबईच्या शाळेतून आले, तिथला पहिला धडाच हा की विकेट म्हणजे जीव. खडूस क्रिकेट म्हणतात ते हेच. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावर पिढ्यान्पिढ्या हेच घोटवून घेतलं गेलं, आणि त्यातूनच कसोटीतले एकाहून एक फलंदाज निघाले. तेव्हा धडा चुकीचा नव्हताच. तो कसोटीचा होता आणि आपण तो भलत्याच पेपरात लिहून आलो, एवढंच.

पुढे वीस षटकांचा खेळ आला. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना १ डिसेंबर २००६ ला जोहान्सबर्गला झाला. त्या संघात आपला झहीर खान होता, श्रीरामपूरचा! (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच बसलंय, सांभाळून घ्या.) सप्टेंबर २००७ मध्ये पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. सचिन, द्रविड, गांगुली गेले नाहीत, धोनीच्या पोरांनी तो जिंकला आणि युवराजने एका षटकात सहा षटकार मारले. सगळ्या देशाला वाटलं, हा खेळ आपल्याला जमला. पुढच्याच वर्षी आयपीएल सुरू झाली, मग तर खात्रीच पटली.

पण जमला नव्हता. २००९, २०१० आणि २०१२ या तिन्ही विश्वचषकांत आपण उपांत्य फेरीही गाठली नाही. २०१४ ला ढाक्यात अंतिम सामन्यात पोचलो, तिथे २० षटकांत ४ बाद १३० केल्या आणि श्रीलंकेकडून हरलो. सगळ्यांनी युवराजच्या २१ चेंडूंत ११ धावा धरून ठेवल्या. सहा गडी शिल्लक राहिले हे फारसं कोणी बोललं नाही.

इथे आपल्या जिल्ह्याचा दुसरा माणूस येतो, अजिंक्य रहाणे. जन्म १९८८ चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला डोंबिवलीत. किटची बॅग घेऊन लोकलने मुंबईत खेळायला जाणाऱ्या पोरांपैकी एक, पुढे प्रवीण आमऱ्यांच्या हाताखाली घडलेला. म्हणजे प्रवरेकाठचं मूळ आणि मुंबईची तालीम. गंमत बघा, धोनीची पोरं दक्षिण आफ्रिकेत षटकार मारत होती, त्याच सप्टेंबर २००७ मध्ये हा पोरगा कराचीत मुंबईसाठी प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळत होता आणि त्याने शतक काढलं.

भारतासाठी त्याचा पहिला टी-ट्वेंटी सामना ३१ ऑगस्ट २०११ ला मँचेस्टरला झाला. ३९ चेंडूंत ६१. त्याच सामन्यात राहुल द्रविड आयुष्यातला पहिला आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळला आणि त्याने ओळीने तीन षटकार मारले. हा सामनाही आपण हरलो, पण ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. मग २०१२ च्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून खेळताना अजिंक्यने बंगळुरूला एका षटकात सहा चौकार मारले. युवराजचे सहा षटकार सगळ्यांना माहीत आहेत, हे सहा चौकार किती जणांना आठवतात? ६० चेंडूंत नाबाद १०३ केल्या होत्या त्या दिवशी. आमच्या घरात तो आमचा हीरो झाला. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, आडवंतिडवं न मारता पुस्तकी फटक्यांनीसुद्धा टी-ट्वेंटी खेळता येतं.

आणि मग ३१ मार्च २०१६ उजाडला.

वानखेडे, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर वेस्ट इंडीज. मी गावी होतो. आमचं गाव प्रवरेच्या पाटावर. घरात सगळे टीव्हीसमोर, आण्णा (म्हणजे माझे वडील) मागे भिंतीला टेकून बसलेले. आण्णांना क्रिकेट बेताचंच कळायचं. रोहित ३१ चेंडूंत ४३, अजिंक्य ३५ चेंडूंत ४०, कोहली ४७ चेंडूंत नाबाद ८९. २० षटकांत २ बाद १९२. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता कसला हरतोय भारत!

आण्णा म्हणाले, "दोनच आऊट झाले का?"

म्हटलं, "हो ना आण्णा, दोनच!"

"मग बाकीचे मारणारे कशाला नेलेत? पाट चालू असताना दारं न धरता बसल्यासारखं झालं हे."

आम्ही सगळे हसलो. मीच सगळ्यात जास्त.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लेंडल सिमन्स दोनदा झेल देऊन बाद झाला आणि दोन्ही वेळा नो-बॉल निघाला. दव पडलं होतं, चेंडू हातात बसत नव्हता, हे सगळं खरं. पण वेस्ट इंडीजने दोन चेंडू राखून १९६ केल्या, त्यात ११ षटकार होते. आपले षटकार होते ४. त्यांनी नुसत्या चौकार-षटकारांत १४६ धावा काढल्या, आपण ९२. आणि आपले रैना, मनीष पांडे, हार्दिक पंड्या, जडेजा पॅड बांधून बसून राहिले. त्यांना बॅट हातात घ्यायची वेळच आली नाही.

आण्णांचं वाक्य ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं. एक विहिरीचं. ते जपून वापरायचं. आज उपसा कमी केला तर उद्याला राहतं. दुष्काळी जिल्ह्यातला माणूस विहिरीकडे बघूनच काटकसर शिकतो. दुसरं पाटाचं. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या पाटाने येतं, तेही आवर्तन सुटलं की, आणि तुमची पाळी आली की. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत की थंडीने हात बधिर झालेले असोत, उठून दारं धरायची. तुमच्या पाळीत जेवढं घेतलं तेवढं तुमचं. "जरा जपून घेतो, उरलेलं उद्या घेईन" असं तिथे चालत नाही. पाट बंद झाला की उरलेलं पाणी तुमचं नसतंच.

कसोटीतली विकेट म्हणजे विहिरीचं पाणी. टी-ट्वेंटीतली विकेट म्हणजे पाटाचं. विसावं षटक संपलं की हातात उरलेले गडी कोणाच्या उपयोगाचे?

साधा हिशोब करून बघा. ५० षटकांत चेंडू ३००, गडी १०. म्हणजे एका गड्याच्या वाट्याला ३० चेंडू. २० षटकांत चेंडू १२०, गडी तेच १०. म्हणजे वाट्याला १२ चेंडू. खेळ छोटा झाला तशी विकेट स्वस्त झाली आणि चेंडू महाग झाला. आपण मात्र जुन्याच भावाने व्यवहार करत राहिलो. त्या रात्री जिंकायला षटकाला जवळजवळ दहाची गती लागली. त्या हिशोबाने ३५ चेंडूंना ५७ च्या आसपास धावा हव्या होत्या. अजिंक्यच्या ४० झाल्या. कमी पडल्या त्या सतरा, आणि मी त्याला "सुरेख आधार दिला" म्हणून टाळ्या वाजवत होतो.

पण याला एकट्या अजिंक्यचा दोष म्हणू नका. एकाने टिकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती खेळायचं, शेवटच्या पाच षटकांत झोडायचं, हा त्या काळचा आपल्या सगळ्या संघाचाच रिवाज होता. अजिंक्यचा शेवटचा आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत लॉडरहिलला झाला. एकूण २० सामने, ३७५ धावा, शंभर चेंडूंमागे ११३. सुरुवात ३९ चेंडूंत ६१ ने केलेल्या माणसाला पुन्हा एकही अर्धशतक करता आलं नाही. पोरगा गेला, पण रिवाज राहिला. माणूस बदलून रिवाज बदलत नाही, हे आपल्याला कळायला आणखी सहा वर्षं लागली.

२०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून दहा गड्यांनी हरलो. १० नोव्हेंबर २०२२ ला ॲडलेडला उपांत्य सामन्यात पहिल्या सहा षटकांत ३८ धावा केल्या. त्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक असतात, म्हणजे पाटाला सगळ्यात जास्त पाणी असतं ते तेव्हा! दहा षटकांत ६२ झाल्या आणि शेवटी ६ बाद १६८. इंग्लंडने एकही गडी न गमावता १६ षटकांत १७० करून सामना संपवला.

यानंतर मात्र बदल झाला. आणि प्रशिक्षक कोण होता? राहुल द्रविड! ज्याला आपण भिंत म्हणायचो, तोच. कर्णधार रोहित. चार चेंडू बघून घेऊ, मग मारू, हे बंद झालं. पहिल्या सहा षटकांत मारायचंच, बाद झालो तर झालो. खाली आठव्या क्रमांकापर्यंत बॅट चालवणारा माणूस हवा, म्हणजे वरच्याला बाद व्हायची भीती उरत नाही. आणि कोण कितव्या क्रमांकावर जाणार हे पाटीवर लिहून ठेवायचं नाही, किती षटकं उरलीत आणि गोलंदाज कोण आहे ते बघून ठरवायचं. २०२४ च्या विश्वचषकात रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ केल्या. शतकाला आठ कमी होत्या, पण तो मारतच बाद झाला. आपल्याकडे नव्वदीत पोचलेला माणूस कसा गोगलगाय होतो हे बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे नवीनच होतं.

इकडे अजिंक्यचं काय झालं? ही गोष्ट मला भाच्याला मुद्दाम सांगायची होती. २०२२ च्या सुरुवातीनंतर तो कसोटी संघातूनही गेला. तोच, ज्याने ॲडलेडच्या ३६ नंतर मेलबर्नला शतक ठोकून आणि पुढे संघ नेऊन ऑस्ट्रेलियात मालिका जिंकून दिली होती. २०२२ च्या शेवटच्या लिलावात चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. लोक म्हणाले, संपला. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर ऐन वेळी त्याला संधी मिळाली आणि त्याने १९ चेंडूंत अर्धशतक केलं, २७ चेंडूंत ६१. पंधरा दिवसांनी ईडन गार्डन्सवर २९ चेंडूंत नाबाद ७१. त्या हंगामात शंभर चेंडूंमागे १७२ धावा. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत हाच आकडा १२० च्या आसपास असायचा.

मी ते डाव पुन्हा पुन्हा पाहिले. मला वाटलं होतं त्याने बॅट आडवी केली असेल. अजिबात नाही. फटके तेच, कव्हरवरून उचललेला, मनगटाने फ्लिक केलेला. बदललं होतं ते फक्त एकच. पहिल्या चेंडूपासून तो मारायला बघत होता, आणि संघाने त्याला ती मोकळीक दिली होती. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, छत्तिसाव्या वर्षी, मुश्ताक अली स्पर्धेत त्याने मुंबईसाठी ४६९ धावा केल्या, स्पर्धेत सगळ्यात जास्त, शंभरामागे १६४ च्या गतीने, आणि मुंबईने करंडक जिंकला. म्हणजे हात तेच होते हो. २०१६ मध्येही तेच होते. भाव बदलला होता.

आता कोणी म्हणेल, मग सरळ बॅट आणि संयम हे सगळं फेकूनच द्यायचं का? नाही. २९ जून २०२४, ब्रिजटाऊन, अंतिम सामना. पाचव्या षटकातच ३ बाद ३४. तिथे कोहलीने सावरून घेतलं, ५९ चेंडूंत ७६. जुनाच धडा कामाला आला. पण फरक बघा. पाचव्या क्रमांकावर अक्षर पटेलला पुढे पाठवलं आणि त्याने ३१ चेंडूंत ४७ मारल्या. दुबेने १६ चेंडूंत २७. एकजण टिकला, पण त्याच्या टिकण्याची किंमत दुसऱ्यांनी मारून भरून काढली. ७ बाद १७६ झाल्या आणि सात धावांनी जिंकलो. सतरा वर्षांनी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये हैदराबादला बांगलादेशविरुद्ध ६ बाद २९७ झाल्या, तेव्हा मला १९७५ चे ६० षटकांतले १३२ आठवले आणि हसू आलं.

ते बघायला आण्णा नव्हते. असते तर म्हणाले असते, "अजून चार जण राहिलेच की."

तर परवा भाच्याला फोन केला. सांगितलं, "बाळा, तू चुकला नाहीस. मी तुला विहिरीचं पाणी वापरायला शिकवलं आणि पाटावर पाठवलं. चूक माझी."

तो म्हणाला, "मामा, म्हणजे काय?"

मग सुट्टीत बोलावून घेतला. पाट दाखवला, दारं दाखवली, हिशोब सांगितला. खळ्यात आता आम्ही नवा खेळ खेळतो. बारा चेंडू, अठरा धावा, बाद झालास तरी चालेल पण बारा चेंडू संपून धावा राहिल्या तर हरलास. पहिल्या दिवशी त्याला फार जड गेलं. चांगला चेंडू आला की बॅट आपोआप बचावाला यायची. ती सवय मीच लावलेली, तेव्हा मला राग कुणावर काढायचा हाही प्रश्नच होता. तिसऱ्या दिवशी त्याने एक चेंडू सरळ बॅटने माझ्या डोक्यावरून गोठ्यावर मारला. पत्रा वाजला, म्हैस उठून उभी राहिली आणि आई आतून ओरडली. मला मात्र फार बरं वाटलं.

गेल्या रविवारी त्याला पुन्हा घेतलं होतं. संध्याकाळी फोन आला.

"मामा, अकरा केल्या. सात चेंडूंत. मग आऊट झालो."

"बरं. आणि सामना?"

"हरलो. पण ऑल आऊट होऊन हरलो."

असो. दारं धरायला उठला तरी, हेही काही कमी नाही.